सर्वांत महान क्वार्टरबॅक कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्या हिवाळ्यातच अमेरिकन फुटबॉलमधला हा वाद पडतो. ऑफिसात ब्रॅडी आणि महोम्सवरून जुंपलेली असते, घरी शाळेतून आलेलं पोर तिसरंच नाव घेतं. वाद नुसता नावांचा नाही. मोठेपण मोजायचं कशाने, हा त्यातला खरा प्रश्न आहे आणि त्याला चांगली उत्तरं आहेत. नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका इथे घेतल्या आहेत. मतं माझी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

क्वार्टरबॅक मैदानावर नेमकं काय करतो?

टीव्हीवर दिसतं ते एवढंच, की तो चेंडू घेतो आणि फेकतो. त्याचं निम्मं काम त्याआधी झालेलं असतं.

आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाआधी प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर चाल सांगतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, ही सोय १९९४ पासून आहे, आणि चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की ती आपोआप बंद होते. तिथून पुढे तो एकटा.

समोर अकरा बचावपटू. मागचे दोन सेफ्टी किती खोल उभे आहेत, अंगावर कोण धावून येणार, कोण नुसताच आव आणतोय, हे वाचून तो चाल तशीच ठेवतो किंवा ओरडून बदलतो. पेटन मॅनिंगचं ते ‘ओमाहा, ओमाहा’ या खटाटोपातलंच. मग चेंडू हातात येतो आणि साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. पहिला झेलणारा अडकलाय, दुसऱ्याकडे बघायचं, तोही अडकलाय, तिसऱ्याकडे बघायचं; आणि तेवढ्यात सव्वाशे किलोची माणसं त्याच्यापर्यंत पोचत असतात. चेंडू सोडायचा तोही झेलणारा आत्ता आहे तिथे नाही, तो अजून पोचायचा आहे त्या जागी. एका सामन्यात हे तीस-चाळीस वेळा करायचं.

म्हणून हा वाद फक्त क्वार्टरबॅकबद्दल इतका पेटतो. सांघिक खेळात एका माणसाच्या निर्णयावर इतकं अवलंबून असलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

मग मोठेपण मोजायचं कशावरून?

माझ्या मते एकाच गोष्टीवरून: त्या तीन सेकंदांतला निर्णय किती बरोबर असतो, आणि सोबतची माणसं, प्रशिक्षक, नियम आणि स्वतःचं शरीर बदलत गेलं तरी तो किती वर्षं बरोबर राहतो. बाकीचे सगळे निकष (विजेतेपदं, यार्ड, टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेणं, पुरस्कार) याच गोष्टीकडे बोट दाखवतात. कोणी नेमकं दाखवतो, कोणी तिरकं.

सुपर बोलच्या अंगठ्या मोजल्या की विषय संपत नाही का?

सुपर बोल म्हणजे एनएफएलचा वार्षिक अंतिम सामना, आणि अंगठी मिळते ती तो जिंकणाऱ्यांना. टॉम ब्रॅडीकडे सात आहेत, सहा न्यू इंग्लंड पेट्रियट्सबरोबरच्या आणि एक टॅम्पा बे बकनियर्सबरोबरची. इतक्या कोणत्याही फ्रँचायझीकडेही नाहीत. मोजणीने विषय संपवायचा असेल तर संपला. पण मग याच मोजणीने टेरी ब्रॅडशॉ (चार) हा पेटन मॅनिंगपेक्षा (दोन) दुपटीने मोठा ठरतो, आणि पिट्सबर्गची सत्तरच्या दशकातली बचावफळी पाहिलेला कोणीही हे मान्य करणार नाही.

ब्रॅडीचेच दोन सामने शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने ५०५ यार्डचे पास दिले, जो सुपर बोलचा विक्रम आहे. तीन टचडाउन, एकही इंटरसेप्शन (समोरच्याने हिरावलेला पास) नाही. पेट्रियट्सवर चेंडू लाथाडून परत द्यायची वेळ एकदाही आली नाही. शेवटी शेवटी एकदा चेंडू त्याच्या हातून हिसकावला गेला हे खरं, पण त्याच्या बचावफळीने ४१ गुण दिले होते. पेट्रियट्स ४१-३३ ने हरले. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने २६२ यार्ड दिले, टचडाउन पास शून्य, इंटरसेप्शन एक. पेट्रियट्स १३-३ ने जिंकले. अंगठी दुसऱ्या सामन्याची मिळाली. दोन्हींपैकी कोणत्या रात्री तो अधिक चांगला खेळला याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

मॅनिंगची गोष्ट तर याहून ठळक आहे. २०१३ मध्ये डेन्व्हरसाठी त्याने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्ड केले. आजवरच्या सर्वोत्तम हंगामांत तो गणला जातो. सुपर बोलमध्ये सिएटलने ४३-८ असा धुव्वा उडवला. दोन वर्षांनी, थकलेल्या शरीराने खेळताना, त्याचे टचडाउन ९ आणि इंटरसेप्शन १७ होते. मधेच त्याला बाकावर बसावं लागलं. त्या वर्षी डेन्व्हर सुपर बोल जिंकलं, आणि सामन्याचा मानकरी ठरला बचावपटू व्हॉन मिलर.

ब्रॅडीच्या अंगठ्यांत इतरांचेही हात आहेत. फेब्रुवारी २००२ मध्ये शेवटच्या क्षणी ॲडम व्हिनातिएरीने ४८ यार्डवरून चेंडू खांबांमधून घातला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिएटल गोलरेषेपासून एक यार्डावर होतं, २० सेकंद उरली होती, आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या बचावपटूने पास हिरावला. ब्रॅडी तेव्हा मैदानाबाहेर उभा होता.

एवढं असूनही अंगठ्या निरर्थक नाहीत. बाद फेरीत समोर चांगलेच संघ येतात, थंडीवाऱ्यात खेळावं लागतं आणि एक पराभव म्हणजे वर्ष संपलं. तिथे वर्षानुवर्षं पोचणं हा योगायोग नसतो. ब्रॅडी दहा वेळा सुपर बोल खेळला. मला सात जिंकण्यापेक्षा दहा वेळा पोचणं जास्त बोलकं वाटतं.

सुपर बोलच्या आधीची विजेतेपदं का धरत नाहीत?

धरायला हवीत. पहिला सुपर बोल जानेवारी १९६७ मध्ये झाला. लीग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. ग्रीन बेचा बार्ट स्टार पाच वेळा एनएफएल विजेता होता, त्यातल्या दोनच मोसमांना सुपर बोल जोडलेला आहे. क्लीव्हलँडचा ऑटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला आणि दहाही वर्षं संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेला. सात जिंकला, चार तेव्हाच्या एएएफसी लीगमध्ये आणि तीन एनएफएलमध्ये. ब्रॅडीची ‘सात’ ही संख्या अनेकांना तोंडपाठ असते. ग्रॅहमची तीच संख्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

डॅन मरिनो एकदाही जिंकला नाही. त्याला या यादीत घ्यायचं का?

वरच्या रांगेत घ्यायचं. १९८४ मध्ये, मायामी डॉल्फिन्सकडून अवघ्या दुसऱ्या हंगामात, त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास दिले. तोवरचा विक्रम होता ३६. विक्रम एक-दोनने मोडतात, हा बाराने मोडला. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या क्वार्टरबॅकचे ३२ होते. ४८ चा आकडा मागे टाकायला २००४ साल उजाडावं लागलं, आणि तेही मॅनिंगने एकाने, ४९ वर जाऊन.

मरिनो एकच सुपर बोल खेळला आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून ३८-१६ ने हरला. पुन्हा कधी तिथवर पोचला नाही. पण १७ वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्या संघातल्या धावपटूने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याने, हजार यार्डांचा हंगाम किती वेळा केला? एकदा, १९९६ मध्ये. समोरच्या प्रत्येक बचावफळीला ठाऊक असायचं की चेंडू मरिनोच फेकणार आहे, आणि तरी तो फेकायचा. ‘अंगठी नाही’ हे वाक्य त्याच्याबद्दल मी ऐकतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात मरिनोपेक्षा डॉल्फिन्सबद्दलच जास्त सांगितलेलं असतं.

पासर रेटिंग म्हणजे काय? त्यावर किती विसंबावं?

एनएफएलने १९७३ मध्ये हे सूत्र स्वीकारलं. त्यात चार गोष्टी येतात: किती टक्के पास पूर्ण झाले, प्रत्येक पासमागे किती यार्ड, किती टक्के टचडाउन आणि किती टक्के इंटरसेप्शन. कमाल गुण १५८.३. का, तर सूत्रच तसं बांधलंय.

ढोबळ अंदाजाला ते चालतं. पण त्यातल्या भेगा बघा. एखाद्याने सामन्यातला प्रत्येक पास जमिनीवर घातला, एकही पूर्ण केला नाही, तरी त्याला ३९.६ गुण मिळतात. दहा यार्ड हवे असताना तीन यार्डांचा भित्रा पास दिला तर टक्केवारी वाढते आणि चेंडू मात्र समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन खाली पडला, म्हणजे सॅक झाला, तर रेटिंगला त्याचा पत्ताच नसतो. उलट शहाणपणाने चेंडू मैदानाबाहेर फेकून यार्ड वाचवले तर रेटिंग घसरतं. पायांनी कमावलेले यार्ड धरतच नाहीत.

म्हणून २०११ मध्ये ईएसपीएनने शून्य ते शंभरचं क्यूबीआर आणलं, आणि हल्ली अभ्यासक ‘अपेक्षित गुणां’वर बोलतात: त्या जागेवरून, त्या प्रयत्नावर सरासरी संघ किती गुण करतो आणि या खेळीने त्यात किती भर पडली. ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिसऱ्या प्रयत्नावर आठ यार्ड हवे असताना मिळवलेले नऊ यार्ड आणि वीस यार्ड हवे असताना मिळवलेले नऊ यार्ड यांत ती फरक करते. तरीही समोरच्याने झेल सोडला, ब्लॉक करणारा घसरला, हे कोणताच आकडा पूर्णपणे वेगळं काढू शकत नाही.

जुन्या खेळाडूंची आजच्यांशी तुलना करायची कशी?

आकडे थेट शेजारी ठेवून करू नये. हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजचा तोफखाना झेललेल्या गावसकरांच्या धावा आणि आजच्या सपाट खेळपट्टीवरच्या धावा आपण एका तराजूत घालत नाही. इथेही तसंच आहे.

१९७८ हे वळणाचं वर्ष. तोवर बचावपटू झेलणाऱ्याला पार लांबपर्यंत ढकलत, धक्के देत नेऊ शकत होता. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटने ही कला इतकी पुढे नेली की १९७८ मध्ये पाच यार्डांपलीकडे असं धरणं-ढकलणं बंद झालं. लोक त्या नियमाला ब्लाउंटचंच नाव देतात. त्याच वर्षी क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. हंगामही १४ सामन्यांवरून १६ वर गेला. २०२१ पासून तो १७ चा आहे. पुढे २००४ मध्ये त्या पाच यार्डांची अंमलबजावणी कडक झाली. क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर मारण्याविरुद्धचे नियम दोनदा घट्ट झाले, आधी २००६ मध्ये कार्सन पामरच्या दुखापतीनंतर आणि मग २००९ मध्ये ब्रॅडीच्या.

आता बाल्टिमोरचा जॉनी युनायटस बघा. १९५९ मध्ये, १२ सामन्यांच्या हंगामात, त्याने ३२ टचडाउन पास दिले. झेलणाऱ्यांना वाटेत आडवं पाडलं जात होतं, क्वार्टरबॅकच्या डोक्यावर फटके बसत होते, आणि चाली तो स्वतः ठरवत होता, कानात कोणी बोलत नव्हतं. सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास हा त्याचा विक्रम १९६० पासून २०१२ पर्यंत टिकला; मग ड्रू ब्रीझने तो मोडला. युनायटसचं कारकिर्दीतलं रेटिंग ७८.२ आहे. आज एवढ्या रेटिंगवर नोकरी टिकणार नाही, म्हणून कोणी त्याला कमी लेखलं तर त्याने आकडा वाचलाय, खेळ वाचलेला नाही.

योग्य प्रश्न असा: त्याच वर्षी, त्याच नियमांत खेळणाऱ्या इतरांपेक्षा हा किती पुढे होता? या कसोटीवर १९५९ चा युनायटस, १९८४ चा मरिनो आणि पन्नासच्या दशकातला ग्रॅहम आजही ताठ उभे राहतात.

श्रेय प्रशिक्षकाचं आणि सहकाऱ्यांचं किती?

पुष्कळ. स्टीव्ह यंगचं उदाहरण मी नेहमी देतो. टॅम्पा बेकडून १९ सामने सुरुवातीपासून खेळला आणि ३ जिंकला. संघाने हात झटकले. सॅन फ्रान्सिस्कोत प्रशिक्षक बिल वॉल्शने उभ्या केलेल्या पद्धतीत तोच माणूस दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन पास दिले. हात तेच, डोकं तेच. आजूबाजूचं सगळं बदललं होतं. अशा किती जणांना दुसरा संघ मिळालाच नसेल, हा विचार मनातून जात नाही.

जो मोंटानाबद्दल म्हणतात की जेरी राइससारखा झेलणारा असल्यावर कोणीही जिंकेल. राइस संघात आला १९८५ मध्ये. त्याआधी मोंटाना दोन सुपर बोल जिंकून बसला होता. पुढे १९९३ मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि उतारवयात, वेगळ्याच गणवेशात, त्यांना सुपर बोलपासून एका पायरीच्या अंतरावर घेऊन गेला.

आणि ब्रॅडी की त्याचा पेट्रियट्समधला प्रशिक्षक बेलिचिक? दोन्ही बाजूंना एकेक भक्कम पुरावा आहे. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रॅडीचा गुडघा गेला आणि मॅट कॅसल नावाच्या राखीव खेळाडूने पेट्रियट्सला ११ विजय, ५ पराभव असं वर्ष दिलं. म्हणजे यंत्रणा भारी होती. २०२० मध्ये ब्रॅडी टॅम्पा बेला गेला. आदल्या वर्षी तोच संघ ७ जिंकून ९ हरला होता आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने ३० इंटरसेप्शन दिली होती. ब्रॅडी आला, संघ सुपर बोल जिंकला. पेट्रियट्स त्याच वर्षी ७-९. म्हणजे माणूसही भारी होता. या दोनपैकी एकच पुरावा पुढे करणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

दडपणाखाली खुलणं हा गुण खरंच असतो, की आपण कथा रचतो?

असतो असं मी मानतो, पण आपली आठवण निवडक असते हेही खरं.

मोंटानाची बाजू आधी. जानेवारी १९८९, सिनसिनाटीविरुद्ध सुपर बोल, तीन गुणांनी पिछाडी, स्वतःच्या ८ यार्डांवरून सुरुवात. ९२ यार्ड चालत गेला आणि ३४ सेकंद उरलेली असताना जॉन टेलरला विजयी पास दिला. चार सुपर बोल मिळून त्याचे १२२ पास, ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. बारा-पंधरा तासांच्या खेळात, जगातल्या सर्वोत्तम बचावफळ्यांविरुद्ध, एकही चेंडू चुकीच्या हातात नाही. आकड्यांच्या पातळीवर याहून स्वच्छ काही मला दिसत नाही.

पण त्याच मोंटानाला जानेवारी १९८८ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात मधेच बाहेर काढून यंगला पाठवलं होतं. तो सामना कोणी आठवत नाही.

जॉन एलवे तर उलटं उदाहरण. जानेवारी १९८७ मध्ये क्लीव्हलँडच्या थंडीत त्याने ९८ यार्डांची जी चढाई केली ती दंतकथा झाली. नंतर ओळीने सुपर बोल हरला, चार वर्षांत तीन. शेवटच्या दोन हंगामांत दोन जिंकला आणि निवृत्त झाला. तो आधी दडपणात कोसळणारा होता आणि ३७ व्या वर्षी अचानक धीराचा झाला, असं नसतं. मधल्या काळात डेन्व्हरला टेरेल डेव्हिससारखा धावपटू मिळाला होता.

फेब्रुवारी २०१७ चा अटलांटाविरुद्धचा सामना मात्र मी अपवाद धरतो. ३-२८ अशी पिछाडी, सामन्याच्या चार क्वार्टरपैकी तिसरा संपत आलेला, आणि तिथून ३४-२८. त्या पुढच्या तासाभरात ब्रॅडीने घाईचा निर्णय जवळपास घेतलाच नाही. दर वेळी जे मोकळं दिसलं ते घेतलं. दडपणाखाली खुलणं म्हणजे माझ्या लेखी हेच, नेहमीचाच खेळ तेव्हाही खेळता येणं.

धावणारा क्वार्टरबॅक महान ठरू शकतो का?

हो. मायकल व्हिकने २००६ मध्ये पायांनी हजार यार्ड ओलांडले तेव्हा ते कौतुकाचं नवल होतं. लमार जॅक्सनने २०१९ मध्ये १,२०६ यार्ड धावून वर ३६ टचडाउन पास दिले आणि एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. धावणं ही फेकता न येण्याची भरपाई आहे, असं मानणारी पिढी आता मागे पडली आहे. तो धावू शकतो एवढ्या भीतीनेच एक बचावपटू जागेवर खिळून राहतो आणि झेलणारा मोकळा होतो. प्रश्न फक्त शरीराचा आहे: धावणारे फटके जास्त खातात, आणि दीर्घायुष्य हा मोठेपणाचा भाग आहे.

जुन्या याद्यांत कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक इतके कमी का?

कारण त्यांना खेळूच दिलं नाही. याचं उत्तर सौम्य शब्दांत देण्यात अर्थ नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना व्यावसायिक संघ झेलणारा किंवा बचावपटू करून टाकत. नेतृत्व आणि विचार त्यांना जमणार नाही, हा त्यामागचा उघड समज. मार्लिन ब्रिस्कोने १९६८ मध्ये डेन्व्हरसाठी १४ टचडाउन पास दिले, नवखा असताना. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. बफेलोत जाऊन तो झेलणारा झाला.

वॉरन मून १९७८ मध्ये ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत) निवडला गेला नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि सलग पाच वेळा तिथला ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये ह्यूस्टनने बोलावलं तेव्हा तिशी जवळ आली होती. तरीही त्याची कारकीर्द हॉल ऑफ फेममध्ये गेली. त्या सहा वर्षांचे आकडे एनएफएलच्या कोणत्याच तक्त्यात नाहीत. डग विल्यम्सने जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास दिले आणि वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० ने हरवलं. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं, महोम्स आणि जेलन हर्ट्स यांच्यातला.

‘सर्वकालीन’ यादी करताना हे विसरू नये. १९७० च्या आधीची यादी ही खेळू दिलेल्यांची यादी आहे.

मोठा क्वार्टरबॅक आधीच ओळखता येतो का?

फारसा नाही. ब्रॅडीची निवड २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वी होती. ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. स्टारची २०० वी. मोंटानाची ८२ वी. युनायटसला पिट्सबर्गने निवडलं आणि एकही सामना न खेळवता सोडून दिलं. कर्ट वॉर्नरला तर कोणी निवडलंच नाही. आयोवातल्या किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावणारा हा माणूस १९९९ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सुपर बोल विजेता झाला. उंची, वेग, दंडातली ताकद मोजता येते. तीन सेकंदांतलं वाचन मोजणारं यंत्र नाही.

डिफ्लेटगेटमुळे ब्रॅडीचं मोठेपण कमी होतं का?

चेंडूतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात त्याला २०१६ मध्ये चार सामन्यांची बंदी भोगावी लागली. संघाला दहा लाख डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या दोन निवडी गेल्या. डाग आहे, नोंद राहायला हवी. पण बंदीनंतरच्या १२ सामन्यांत, जेव्हा त्याच्या चेंडूंवर सगळ्यांची नजर होती, त्याने २८ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन दिली. चेंडूतल्या हवेने त्याची कारकीर्द उभी राहिली, असं यानंतर म्हणता येत नाही.

पॅट्रिक महोम्स ब्रॅडीला गाठेल का?

प्रतिभा विचाराल तर तो आजच कोणापेक्षा कमी नाही. धावता धावता, अंग वळलेलं असताना, बाजूने हात फिरवून तो जे पास देतो ते आधीच्या पिढीत प्रशिक्षकांनी ओरडून बंद केले असते. नियमित क्वार्टरबॅक म्हणून पहिल्या सातही हंगामांत त्याने कॅन्सस सिटीला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या आदल्या पायरीपर्यंत, नेलं. पाच सुपर बोल, तीन विजय, तिन्हींत सामन्याचा मानकरी. टायरिक हिलसारखा झेलणारा २०२२ मध्ये सोडून गेला आणि त्यापुढचे दोन्ही सुपर बोल त्याने जिंकले. माझ्या कसोटीवर ही त्याची सर्वांत मोठी कमाई. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोविरुद्ध १३ सेकंद उरलेली असताना ४४ यार्ड काढून बरोबरी साधली आणि ज्यादा वेळेत जिंकला. त्या सामन्यात बफेलोला ज्यादा वेळेत चेंडूच मिळाला नाही, म्हणून बाद फेरीचा नियम बदलला गेला.

अडचण अशी की ब्रॅडीनेही २७ व्या वर्षापर्यंत तीन जिंकले होते. मग पुढची नऊ वर्षं एकही नाही, आणि ३७ वर्षांचा झाल्यावर चार. महोम्सला ब्रॅडीचा पूर्वार्ध गाठायचा नाहीये, तो त्याने गाठलाय. उत्तरार्ध गाठायचा आहे. आणि दोघं समोरासमोर आले ते बाद फेरीतले दोन्ही सामने (जानेवारी २०१९ आणि फेब्रुवारी २०२१) ब्रॅडीने जिंकलेत, हे त्याच्या बाजूचे लोक विसरू देणार नाहीत.

मग तुमचं उत्तर काय?

एक हंगाम निवडायचा असेल तर मरिनोचं १९८४. एकच सामना जिंकायचा असेल तर मोंटाना. पूर्ण कारकीर्द धरली तर ब्रॅडी, आणि कारण सात अंगठ्या नव्हेत.

कारण असं: २००१ मध्ये तो सावध, छोटे पास देणारा होता, हंगामभरात १८ टचडाउन. २००७ मध्ये रँडी मॉस हा झेलणारा आला आणि तोच माणूस लांब फेकू लागला. ५० टचडाउन, त्यातले २३ मॉसला. मग वेल्कर, ग्रोन्कोव्स्की, एडलमन या झेलणाऱ्यांबरोबर मधल्या पट्ट्यातला झटपट खेळ. मग ४३ व्या वर्षी टॅम्पात प्रशिक्षक ब्रूस एरियन्सची खोल पासची पद्धत, आणि ४४ व्या वर्षी ५,३१६ यार्ड, त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक. चार वेगवेगळे खेळ, एकच माणूस, तेवीस हंगाम. सोबतचं सगळं बदललं आणि निर्णय टिकले. माझ्या कसोटीवर इतका पूर्ण उतरणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर कोणते सामने पाहावेत?

थेट सुपर बोल पाहायचा तर भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला उठावं लागतं. जुन्या सामन्यांना ती अडचण नाही. २०१८ आणि २०१९ चे सुपर बोल लागोपाठ बघा, अंगठ्यांच्या मोजणीबद्दल काय ते कळेल. १९८९ च्या सामन्यातली शेवटची तीन मिनिटं बघा. युनायटससाठी १९५८ चा न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा अंतिम सामना, ज्यादा वेळेत २३-१७. चित्रण तुटक मिळतं, पण जेवढं मिळेल तेवढं बघण्यासारखं आहे.

बघताना चेंडूच्या मागे डोळे नेऊ नका. चेंडू सुरू होण्याआधी दोन सेफ्टी कुठे आहेत ते बघा आणि क्वार्टरबॅक कोणाला चेंडू देईल याचा स्वतः अंदाज बांधा. नेहमीच्या प्रक्षेपणात सेफ्टी बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतात, म्हणून मैदानावरचे सगळे बावीस खेळाडू दिसणारं, प्रशिक्षक वापरतात ते चित्रण मिळालं तर तेच घ्या. मॅनिंगचे सामने सुरुवातीला सोपे पडतात, कारण तो काय बघतोय ते हातवारे करून, ओरडून सगळ्यांना सांगत असतो.